डेटाबेस लिंकची पार्श्वभूमी: जोडणी वेगळी, चाचणी वेगळी

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरींचा कारखाना आणि गावात विक्रीचं दुकान, असा व्यवसाय सोलापुरात नवा नाही. अशा ठिकाणी हळूहळू दोन डेटाबेस तयार होतात: उत्पादनाचा कारखान्यात, बिलिंगचा दुकानात. बसवणारे वेगळे, सॉफ्टवेअरही वेगळं. रोज रात्री एक्सेल फाइल पाठवून काही दिवस भागतं, पण सकाळी ट्रकमध्ये चढलेला माल दुपारीही दुकानाच्या स्क्रीनवर शिल्लक दिसतो. मग मालक म्हणतात, "दोन्ही सर्व्हर थेट जोडून टाका."

एका डेटाबेसमधून दुसऱ्यातला डेटा थेट मागवण्याची ही जोडणी म्हणजे डेटाबेस लिंक. जगात या जोडणीवर काम सुरू झालं ते १९७०च्या दशकात. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा टेबलांच्या रूपात ठेवायची पद्धत, मांडलं. दशकाच्या शेवटी अमेरिकेत एसडीडी-१ हा वितरित, म्हणजे अनेक ठिकाणी विखुरलेल्या, डेटाबेसचा प्रकल्प चालू होता आणि पाठोपाठ आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत 'सिस्टिम आर-स्टार' ही तशीच प्रणाली आली. आर-स्टारवाल्यांनी एक गोष्ट ठामपणे धरली: प्रत्येक ठिकाणचा डेटाबेस स्वायत्त राहील. शेजारचा बंद पडला म्हणून आपला अडता कामा नये आणि आपल्या टेबलांना कोणी हात लावायचा हे आपणच ठरवायचं. पुढे १९८७ मध्ये डेटाबेस-तज्ज्ञ ख्रिस डेट यांनी वितरित डेटाबेसचे १२ नियम सांगितले, त्यांतही स्थानिक स्वायत्तताच पहिली.

लिंकची बरीचशी दुखणी या एका तत्त्वातून समजतात. डेटाबेस बनवणाऱ्या ऑरॅकल कंपनीने १९८६ मध्ये 'एसक्यूएल-स्टार' आणून वितरित क्वेरी, म्हणजे एकाच मागणीत अनेक डेटाबेसमधून डेटा आणण्याची सोय, बाजारात उतरवली. आजही तिथे 'क्रिएट डेटाबेस लिंक' ही आज्ञा चालवताना पासवर्ड चुकीचा दिला तरी लिंक बिनतक्रार तयार होते. समोरचा सर्व्हर त्या क्षणी बंदही असू शकतो, म्हणून तपासणी पहिल्या वापरावर सोडलेली आहे. 'टीएनएसपिंग' या जोडणी तपासायच्या साधनाने ओके दिलं की अनेक जण काम संपलं असं धरतात. ते फक्त पलीकडचा लिसनर, म्हणजे जोडणीची विनंती ऐकणारा प्रोग्रॅम, उत्तर देतो एवढंच सांगतं. युजर-पासवर्डला ते हातही लावत नाही. लिंकवरून 'ड्युअल' या ऑरॅकलच्या तयार, एका ओळीच्या टेबलातली ओळ आली, तरच लॉगिन झालं म्हणायचं.

मायक्रोसॉफ्टने आपल्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या ७.० आवृत्तीत, १९९८ साली, 'लिंक्ड सर्व्हर' दिला. त्यामुळे ऑरॅकल, एक्सेल, अॅक्सेस अशा परक्या ठिकाणांचा डेटाही एकाच क्वेरीत घेता येऊ लागला. इथली सर्वांत फसवी अडचण अशी: सर्व्हरवर बसून चाचणी घेतली की लिंक चालते, आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून तीच क्वेरी टाकली की 'अॅनोनिमस लॉगऑन'ला, म्हणजे निनावी युजरला, लॉगिन नाकारल्याचा संदेश येतो. विंडोज लॉगिनची ओळख पहिल्या सर्व्हरपर्यंत पोचते. तिथून दुसऱ्यापर्यंत न्यायची तर केर्बेरॉस डेलिगेशनची, म्हणजे पहिल्या सर्व्हरने युजरच्या वतीने पुढे लॉगिन करण्याची, परवानगी वेगळी द्यावी लागते. म्हणून चाचणी नेहमी दुकानातल्या खऱ्या मशीनवरून, खऱ्या युजरने घ्यावी, हा माझा आग्रह आहे.

पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसने 'डीबीलिंक' या जोडणीच्या सोयीपासून सुरुवात केली आणि एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेच्या प्रमाणातल्या 'एमईडी' (बाहेरच्या डेटाविषयीच्या) भागाचा रस्ता धरून २०१३ मध्ये ९.३ आवृत्तीत 'पोस्टग्रेस-एफडीडब्ल्यू' हे नवं साधन आणलं. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये असंच काम करणारं 'फेडरेटेड' इंजिन ५.० मालिकेतलं.

वाचण्यापेक्षा लिहिणं अवघड. दुकानात बिल फाटलं आणि कारखान्यात साठा घटला, या दोन्ही गोष्टी एकत्र व्हाव्यात किंवा दोन्ही होऊ नयेत, यासाठी 'टू-फेज कमिट', म्हणजे व्यवहार दोन टप्प्यांत पक्का करणं, लागतं. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. ऑरॅकलमध्ये ते १९९२च्या सातव्या आवृत्तीत आलं. आधी दोघांनाही 'तयार आहात का' विचारायचं, मग पक्कं करायचं. नेमकी त्यामधल्या क्षणी लाइन तुटली तर व्यवहार लटकतो आणि त्याने धरलेल्या ओळी कुलूपबंद राहतात. हे पाहायचं तर चाचणीच्या डेटाबेसवर मुद्दाम नेटवर्कची वायर काढून बघावी लागते.

आपल्याकडे आणखी एक परीक्षा हवीच. मालाचं नाव 'जकार्ड चादर' असं देवनागरीत असलेली एक ओळ लिंकवरून मागवा. पलीकडचा कॉलम युनिकोड (सगळ्या लिपी साठवू शकणारा) नसेल तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते, एरर मात्र येत नाही. अशी ओळ साठ्याच्या टेबलात एकदा लिहिली गेली की मूळ अक्षरं त्या टेबलातून परत मिळत नाहीत.