चाळिशीनंतर जर्मनीत एम.ए.: जर्मनच्या शिक्षकांनी आधी कोणते कागद जमवावेत

‘डॉइच आल्स फ्रेम्डश्प्राख’, म्हणजे परकी भाषा म्हणून जर्मन शिकवण्याच्या एम.ए.ला वयाची अट नाही. लाइपझिगचं हेर्डर इन्स्टिट्यूट यासाठी जुनं आणि नावाजलेलं. चाळिशीतल्या शिक्षकांचं अडतं ते जुन्या कागदांपाशी आणि आरोग्य विम्यापाशी.

सुरुवात एपीएस प्रमाणपत्रापासून करा, म्हणजे आपले शैक्षणिक कागद खरे असल्याच्या जर्मन पडताळणीपासून. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते सक्तीचं आहे. शुल्क १८,००० रुपये. दहावी-बारावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र लागतं. पदवीदानाला न गेलेल्या अनेकांकडे मूळ पदवी नसतेच, नुसतं तात्पुरतं प्रमाणपत्र असतं. आधी विद्यापीठातून मूळ पदवी काढून घ्या, यात बरेच आठवडे जाऊ शकतात.

विवाहित शिक्षिकांनी नावाकडे फार बारकाईने पाहावं. गुणपत्रिकेवर ‘कुलकर्णी माधुरी वसंत’ आणि पासपोर्टवर ‘माधुरी सुनील देशपांडे’ असेल, तर आडनावासोबत मधलं नावही बदललेलं असतं आणि परक्या देशातल्या तपासनिसाला या दोन वेगळ्या बाया वाटतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा. त्यात दोन्ही नावं पूर्ण नसतील तर राजपत्रातली नावबदलाची नोंदही द्या.

आपण भाषा शिकवतो म्हणून परीक्षेतून सूट मिळेल, असं धरून चालू नका. टेस्टडाफ या जर्मन भाषेच्या परीक्षेच्या चारही भागांत स्तर ४ किंवा गोएथे इन्स्टिट्यूटची सी२ (सर्वांत वरची पातळी) बहुतेक ठिकाणी चालते. दोन्हींना मुदत नाही, त्यामुळे जुनं प्रमाणपत्र शोधून ठेवा.

अनुभवाच्या पत्रात ‘काम समाधानकारक’ एवढीच ओळ असेल तर ते वाया गेलं. कोणत्या तारखेपासून, कोणती पातळी (ए१ म्हणजे अगदी सुरुवातीची की बी१ म्हणजे मधली), आठवड्याला किती तास, कोणती पुस्तकं, हे शाळेच्या लेटरहेडवर हवं. पदवीनंतरच्या वीस वर्षांचा हिशोब हेच पत्र देतं.

पैशांचं गणितही वयाने बदलतं. डाड या जर्मन शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेच्या मास्टर्स शिष्यवृत्तीला साधारणपणे शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नका. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, महिन्याला ९९२. सरकारी विद्यापीठांत बहुधा शिक्षणशुल्क नसतं, पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आपल्याला सत्राला १,५०० युरो पडतात.

विद्यार्थ्यांचा स्वस्त सरकारी विमा तिशीपर्यंतच मिळतो. पुढे बहुधा खाजगी विमाच घ्यावा लागतो. वयाप्रमाणे हप्ता चढतो आणि जुन्या आजारांवर बऱ्याचदा अटी असतात, तेव्हा मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर पॉलिसीची ती कलमं आधी वाचा. खाजगी विमा असला तरी प्रवेशाच्या वेळी विद्यापीठाला सरकारी विमा कंपनीकडून ‘सक्तीचा विमा लागू नाही’ अशी सूचना ऑनलाइन जावी लागते. ती मागायची राहिली की नोंदणी अडकते.

विद्यापीठाने ऊनी-असिस्टमार्फत, म्हणजे अनेक विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत, अर्ज मागितला असेल तर पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. हिवाळी सत्राची मुदत बऱ्याचदा १५ जुलै असते, काही अभ्यासक्रमांची त्याआधीच संपते. अनुदानित शाळेत असाल तर रजेची मंजुरी लेखी घ्या आणि तिची प्रत व्हिसाच्या अर्जाला जोडा: परत येऊन तीच नोकरी करणार, हे त्या कागदावरून दिसतं.