गाउटची गोळी कुणाला बाधते?

रक्तातलं युरिक ॲसिड वाढतं, त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात आणि एके रात्री पायाचा अंगठा असा ठणकतो की अंगावरची चादरही सोसवत नाही. हा गाउट. युरिक ॲसिड कमी करण्यासाठी ॲलोप्युरिनॉल १९६६पासून वापरात आहे. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेची ही देणगी. औषध स्वस्त, गुणकारी आणि बहुतेकांना वर्षानुवर्षं सोसणारं. फार थोड्यांना मात्र ते जिवावर बेततं. आधी ताप आणि पुरळ, मग तोंड सोलवटतं, डोळे चुरचुरतात, कातडी सुटू लागते.

ते थोडे कोण, याचं उत्तर तैवानमध्ये सापडलं. २००५ साली तिथल्या संशोधकांनी अशी गंभीर रिअॅक्शन आलेल्या ५१ रुग्णांचं रक्त तपासलं. एचएलए-बी ५८:०१ हा जनुकाचा प्रकार ५१च्या ५१ जणांमध्ये होता. हेच औषध घेऊन ठणठणीत असलेल्या १३५ जणांपैकी तो फक्त २० जणांत आढळला. मला यातले ते २० जण फार महत्त्वाचे वाटतात. जनुक असूनही त्यांना काही झालं नाही, म्हणजे एकटा जनुक पुरेसा नाही.

पुढे तैवानमध्येच २,९२६ जणांची गोळी सुरू करण्याआधी तपासणी झाली. जनुक असलेल्यांना दुसरे उपचार सुचवले गेले. एरवी सुमारे सात जणांना गंभीर रिअॅक्शन येईल असा अंदाज होता, प्रत्यक्षात एकालाही आली नाही. हान चिनी, कोरियन, थाई आणि आफ्रिकन-अमेरिकन रुग्णांना ही तपासणी आधी करावी, असं अमेरिकेतले संधिवाततज्ज्ञ सांगतात. सरसकट सगळ्यांनी करावी असं ते म्हणत नाहीत.

आपल्याकडच्या रुग्णाने आधी पाहावी ती किडनी. शरीरात ॲलोप्युरिनॉलचं ऑक्सिप्युरिनॉल होतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. किडनी मंदावली की ते साचतं. त्यात पहिल्याच दिवशी मोठा डोस दिला तर धोका आणखी वाढतो. म्हणून सुरुवात दिवसाला १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, किडनीचा आजार असेल तर आणखी कमी, आणि मग युरिक ॲसिड पाहत हळूहळू वाढ. सुरुवात जपून केली, तर पुढे लागेल तितका डोस वाढवता येतो. किडनी कमजोर आहे म्हणून कायम अपुऱ्या डोसवर ठेवलेला रुग्ण विनाकारण दुखणं सोसत राहतो, हे मला खटकतं.

सोबतची औषधंही सांगायलाच हवीत. ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेणाऱ्याला ॲलोप्युरिनॉल दिलं, तर ॲझाथायोप्रिनचा निचरा अडतो आणि अस्थिमज्जेतलं रक्तपेशींचं कामच थंडावतं.

ठणक्यावर दिलं जाणारं कोल्चिसिन वेगळं. ते आपल्या रानात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही असतं, आणि तो कंद विषारी आहे. गोळीतही गुणकारी आणि घातक मात्रेतलं अंतर कमीच. घसा किंवा छातीच्या संसर्गावर क्लॅरिथ्रोमायसिन सुरू झालं, तर कोल्चिसिन शरीराबाहेर पडणं मंदावतं. किडनी कमजोर असलेल्यांचे यात जीव गेले आहेत.

ॲलोप्युरिनॉलची गंभीर रिअॅक्शन बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत येते. त्या काळात पुरळ उठलं, तर उरलेला कोर्स पुरा करू असं म्हणू नका. गोळी तिथेच थांबवून डॉक्टरांना दाखवा. सोबत ताप असेल किंवा तोंड आलं असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.