मिनिटाला दोन टँकर हवा

टर्बो बदलायचा किडा डोक्यात शिरला की माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, "५०० एचपीला कुठला टर्बो बसवू?" आणि समोरचा पण लगेच एखादं मॉडेल सांगून मोकळा होतो, हा घे, माझ्या मित्राने लावलाय, गाडी उडते नुसती. माझं म्हणणं एवढंच आहे की टर्बो हवेचा हिशोब करून घ्यायचा असतो, आणि तो हिशोब आठवीच्या गणितापलीकडे जात नाही, फक्त कागद घेऊन बसायचा कंटाळा सगळ्यांना.

तर बसूया. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, म्हणजे लिटरमागे ११ किलो हवा आली. हवेचं वजन घनमीटरला जेमतेम १.२ किलो, त्यामुळे ही ११ किलो हवा भरते ९ हजार लिटरच्या वर. उन्हाळ्यात सोसायटीत पाण्याचा १० हजार लिटरचा टँकर येतो ना, तो जवळपास पूर्ण भरेल एवढी हवा एका लिटर पेट्रोलसाठी! पेट्रोल जास्त टाकणं त्यामानाने सोपं, पंप मोठा घ्या, इंजेक्टर मोठे घ्या. हवा आत कोंबायची म्हटली की खरा घोळ सुरू होतो आणि टर्बो बिचारा तेवढंच एक काम करतो, सायलेन्सरकडे चाललेल्या गरम गॅसवर एक चाक (टर्बाइन) फिरवतो आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचं चाक (कॉम्प्रेसर) हवा दाबून इंजिनात ढकलतं.

कल्पना जुनी आहे, आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्येच पेटंट घेतलं होतं. पण मला आवडतो तो किस्सा १९१८ चा. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉसने लिबर्टी नावाचं विमानाचं इंजिन गाडीवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक डोंगरावर नेलं, ४३०० मीटर उंचीवर. खाली ३५० एचपी देणारं इंजिन वर विरळ हवेत २३० वर आलं आणि टर्बो जोडल्यावर ३५६ वर गेलं. म्हणजे पहिल्यापासून मुद्दा हवेचाच होता.

आता खरी गाडी घेऊ. टोयोटा सुप्रा, १९९३ पासूनची ए८० म्हणतात ती, आणि तिचं २जेझेड-जीटीई इंजिन. ३ लिटर, एका ओळीत ६ सिलिंडर, बिडाचा ब्लॉक. हेच उदाहरण का, तर जगभर सगळ्यात जास्त टर्बो बदलले गेलेल्या इंजिनांमध्ये याचा नंबर वरचा आहे आणि आकडे सगळे सरळ आहेत. कंपनीने याला दोन छोटे टर्बो दिले होते, ४ हजार आरपीएमच्या आसपासपर्यंत एकच टर्बो काम करायचा आणि मग दुसरा हाताला हात द्यायचा. जपानमध्ये कागदावर २८० पीएस (जवळपास एचपीच), अमेरिकेत ३२० एचपी. आयडिया झकास, पण त्यासाठी व्हॅक्यूमच्या पायपांचं जे जंजाळ आहे ते बघून चांगला मेकॅनिक पण एकदा चहा पिऊन येतो. म्हणून लोक दोन्ही काढून एकच मोठा टर्बो टाकतात, आणि तो किती मोठा इथंच बहुतेकांचं गणित चुकतं.

चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोटभर हवा घेतं. ३ लिटर गुणिले ६५०० आरपीएम भागिले २, म्हणजे मिनिटाला ९७५० लिटर. परत आपला एक टँकर! सिलिंडर काही शंभर टक्के भरत नाही, ९५ धरा, तर वजनाने साधारण ११ किलो, टर्बोवाल्यांच्या भाषेत २४ पौंड (या धंद्यात अजून पौंडच चालतात, इलाज नाही). ठोकताळा असा की पेट्रोल इंजिनात मिनिटाला एक पौंड हवा म्हणजे साधारण १० एचपी. २४ पौंड म्हणजे २४० एचपी, आणि बिनटर्बोचं भावंड २जेझेड-जीई प्रत्यक्षात २२० च्या आसपास देतं, म्हणजे ठोकताळा काही वाईट नाही. आता तुम्हाला हवेत ४८० एचपी, म्हणजे मिनिटाला एकाऐवजी दोन टँकर हवा आत गेली पाहिजे, ४८ पौंड.

दुप्पट हवा म्हणजे दुप्पट दाब, असं वाटतं, पण दाबलेली हवा तापते आणि तापली की फुगते. इंटरकूलरमधून, म्हणजे ही हवा थंड करणाऱ्या रेडिएटरमधून, निघताना ती ५० अंशांवर आली असं धरलं तर दुप्पट वजन भरायला दाब लागतो जवळपास २.२ पट, म्हणजे बाहेरच्या हवेच्या वर गेजवर १.२ बार, यालाच बूस्ट म्हणतात. वर इंटरकूलर आणि पायपांत थोडा दाब वाया जातो तो टर्बोलाच भरून काढावा लागतो, म्हणून २.३ पट धरायचं. यालाच प्रेशर रेशो म्हणतात. आणि हा आकडा गाव बदललं की बदलतो. पुण्यात बाहेरचा दाबच ०.९५ बार असतो, तेव्हा त्याच बूस्टसाठी रेशो थोडा वर जातो. लेहमध्ये बाहेर ०.६५ बारच असतो, तिथं तेवढाच दाब इंजिनात भरायचा तर टर्बोला साडेतीन पट दाबावं लागेल, त्याच्या फेऱ्या नको तेवढ्या वाढतील. मुंबईत मस्त चाललेलं सेटिंग लडाखच्या घाटात टर्बोच्या जिवावर येऊ शकतं ते असं.

झालं, ४८ पौंड आणि २.३, हे दोन आकडे घेऊन आता कॉम्प्रेसर मॅप उघडायचा. प्रत्येक चांगली कंपनी आपल्या टर्बोचा मॅप देते. शाळेत भूगोलात डोंगराच्या समोच्च रेषा काढायचो तसा दिसतो, आडव्या अक्षावर मिनिटाला किती हवा, उभ्यावर प्रेशर रेशो, आणि मधल्या बेटात एफिशियन्सी सगळ्यात जास्त, ७५-७८ टक्के. आपला ठिपका त्या बेटात किंवा निदान शेजारी पडला पाहिजे. उजव्या काठाला गेला तर टर्बो धापा टाकतो, हवा कमी आणि उष्णता जास्त. हे नुसतं पुस्तकी नाही बरं का, बाहेर ३० अंश असताना ७६ टक्क्यांवर हवा साधारण १३५ अंशांनी निघते आणि ६२ टक्क्यांवर १६० च्या जवळ. ही जास्तीची गरमी इंटरकूलरने काढली तर काढली, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते, पेट्रोल ठिणगी पडल्यावर भलतीकडेच भडकतं, तो नॉक, आणि नॉकने पिस्टनच्या कडा तुटतात.

डाव्या काठाला दुसरं दुखणं, सर्ज. हवा कमी आणि दाब जास्त मागितला की हवा उलटी फिरते, पुन्हा पुढे येते, पुन्हा उलटी. पारवा पंख फडफडवत उडाला की येतो तसा आवाज. ॲक्सिलरेटर सोडल्यावर येणाऱ्या या आवाजावर पोरं जीव टाकतात, पण फुल बूस्टमध्ये तो आला तर शाफ्टला मागे-पुढे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर हातोडे पडतायत असं समजा. म्हणून एक ठिपका काढून थांबायचं नाही, ३५०० आरपीएमचा पण काढायचा, तिथं हवा फक्त २६ पौंड असते. टर्बो फार मोठा असला की हा दुसरा ठिपका सर्जच्या रेषेपलीकडे जातो.

आता गॅरेट या कंपनीच्या दोन प्रसिद्ध टर्बोंकडे बघा. जीटी३०७६ मध्ये कॉम्प्रेसरचं चाक ७६ मिमी आणि टर्बाइनचं ६०. जीटी३५८२ मध्ये ८२ आणि ६८. आपल्या ४८ पौंडांना पहिला पुरतो, दुसऱ्यात बरंच शिल्लक राहतं, म्हणून लोक म्हणतात मोठाच घेऊ, उद्या लागेल. पण चाक फिरवायला किती जड जातं ते साधारण व्यासाच्या पाचव्या घातावर ठरतं. ६० चं ६८ केलं, बघायला आठ मिमी, पण जडत्व १.८७ पट. आणि हे चाक निकेलच्या मिश्रधातूचं असतं, हातात घेतलं की कळतं, ॲल्युमिनियमचं कॉम्प्रेसर चाक पुरीएवढं असून हलकं आणि हे त्याच्याहून लहान असून वजनदार. ते मिनिटाला एक लाख फेऱ्यांना न्यायचं असतं, तेव्हा ८२ मिमीच्या चाकाची कड सेकंदाला ४३० मीटरने पळत असते, आवाजाच्या पुढे. एवढा वेग यायला जो वेळ लागतो तोच लॅग. माझ्या एका मित्राने हट्टाने मोठा टर्बो टाकला, डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) आकडा एकदम फोटो काढण्यासारखा, आणि शहरात गाडी अशी की पाय दाबा, एक-दोन-तीन मोजा, मग सिग्नल आलेला असतो.

टर्बाइनच्या हाउसिंगवर ०.६३, ०.८२, १.०६ असे आकडे असतात, ए-आर म्हणतात. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबल्यासारखं आहे हे, छोटा आकडा म्हणजे अंगठा जास्त दाबलेला, गॅसची धार जोरात, टर्बो लवकर जागा होतो. पण वरच्या आरपीएमला हाच अंगठा नडतो, धूर बाहेर पडायला जागा नाही, गरम गॅस सिलिंडरमध्येच रेंगाळतो आणि परत नॉक. या इंजिनाला अजून एक सोय आहे, फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४, म्हणजे पुढचे तीन आणि मागचे तीन सिलिंडर आलटून पालटून पेटतात. ट्विन-स्क्रोल हाउसिंगमध्ये दोघांचा गॅस वेगळ्या वाटेने नेला की एकाचा धक्का दुसऱ्याला आडवा येत नाही. पैसे असतील तर मोठ्या टर्बोवर घालवण्यापेक्षा यावर घालवा, हे माझं स्वच्छ मत.

पेट्रोलकडे पण बघायचं. बूस्टमध्ये मिश्रण जरा घट्ट ठेवतात, ११.८ ला १ धरा, तर २२ किलो हवेला मिनिटाला अडीच लिटर पेट्रोल लागतं, म्हणजे अर्धा लिटर दुधाच्या पाच पिशव्या दर मिनिटाला. जपानी मॉडेलचे इंजेक्टर मिनिटाला ४४० सीसीचे, ते पूर्ण वेळ उघडे ठेवत नाहीत, सहा मिळून ८० टक्क्यांवर २.१ लिटर, कमी पडले. अमेरिकन ५५० वाले २.६ देतात, जेमतेम पास. टर्बो तोच, गाडी तीच, आणि एका देशातलं इंजिन मिश्रण पातळ होऊन पिस्टन वितळवेल. रीमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग, न करता टर्बो बदलणारे लोक आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. आणि आपल्याकडे गाडीत असले बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं, तेव्हा ट्रॅकची गाडी वेगळी आणि रोजची वेगळी.

बसवताना सगळ्यात जास्त भांडणं ऑइलवरून होतात. नवा टर्बो, आणि सायलेन्सरमधून निळा धूर, लगेच "सील खराब निघालं, डुप्लिकेट माल दिला." बऱ्याचदा माल ठीक असतो. शाफ्टमधून बाहेर पडणारं ऑइल फेसाळलेलं असतं, ताकासारखं, आणि ते खाली फक्त स्वतःच्या वजनाने उतरतं, तिथं कुठला पंप नसतो. परतीचा पाइप बारीक घेतला, किंवा मध्ये झोका पडला, की ऑइल साचतं आणि वाट मिळेल तिथून निघतं. बॉल बेअरिंगवाल्यात उलटं, तिथं आत जाणारं ऑइलच बारीक भोकाचा रेस्ट्रिक्टर लावून कमी करावं लागतं.

त्या सुप्राला मी ७६ चा टर्बो देईन, ट्विन-स्क्रोल हाउसिंग मिळालं तर सोन्याहून पिवळं. आणि पहिल्यांदा चालू करायच्या आधी इंजेक्टरचे कनेक्टर काढून नुसता स्टार्टर मारायचा, ऑइल प्रेशरची सुई उठेपर्यंत, मग चालू करून दहा मिनिटं रिकामं चालवायचं आणि टॉर्च घेऊन खाली वाकून परतीच्या पाइपचे जॉइंट बघायचे, बोट फिरवून, ओलं लागतंय का.