हीट पंप : थंड प्रदेशांतील घरतापन

बाहेरची हवा, जमीन किंवा पाणी यांतली उष्णता उचलून ती घरात अधिक तापमानाला सोडणारे यंत्र. रचना फ्रिजचीच. फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून खोलीत टाकतो, हीट पंप अंगणातली उष्णता खोलीत आणतो. इमारत अशी तापवता येईल ही कल्पना विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५२ मध्ये मांडली. झुरिकच्या नगरभवनात लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप १९३८ मध्ये सुरू झाला. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या कडक हिवाळ्याच्या देशांत घरटी हीट पंपांचे प्रमाण युरोपात सर्वाधिक आहे. त्यामुळे ‘गोठणबिंदूखाली हे चालते का’ हा वाद जुना झाला. कोणत्या घरात आणि किती विजेत चालते, हे मात्र दर घराला वेगळे मोजावे लागते.

कार्यपद्धती : −२०° से. ची हवाही २५३ केल्व्हिनला (केल्व्हिनचे शून्य म्हणजे −२७३° से.) असते, म्हणजे तिच्यात उष्णता भरपूर उरलेली असते. यंत्रात फिरणाऱ्या द्रव्यांपैकी आर-३२ हा गॅस वातावरणीय दाबाला सुमारे −५२° से. ला उकळतो, प्रोपेन (आर-२९०) −४२° से. ला. बाहेरच्या कॉइलमध्ये (नळ्यांच्या जाळीत) हे द्रव हवेपेक्षाही थंड ठेवले की हवेतून उष्णता घेऊन ते उकळते. कॉम्प्रेसर त्या वाफेचा दाब आणि तापमान चढवतो, आतल्या बाजूला ती पुन्हा द्रव होताना उष्णता पाण्याला किंवा खोलीतल्या हवेला मिळते.

एक युनिट विजेमागे जितकी युनिटे उष्णता मिळते त्या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. त्याची सैद्धांतिक कमाल मर्यादा म्हणजे आतले तापमान (केल्व्हिनमध्ये) भागिले आत-बाहेरचा फरक. बाहेर −१५° से. आणि रेडिएटरचे (गरम पाणी फिरवून खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पॅनेलचे) पाणी ३५° से. असेल तर ३०८ ÷ ५० = ६.२. तेच पाणी ५५° से. ला हवे असेल तर ३२८ ÷ ७० = ४.७. प्रत्यक्ष यंत्राला यातले निम्म्याच्या आतबाहेर मिळते, म्हणजे पहिल्या घरात अडीच ते तीन आणि दुसऱ्यात दोनच्या आसपास. साध्या विजेच्या हीटरचा सीओपी नेहमी १ असतो, म्हणून दोनही वाईट नाही. पण थंडी आपल्या हातात नसते, पाण्याचे तापमान असते. बिलाचा निकाल बराचसा तिथेच लागतो.

रेडिएटर आणि नळ : जुने रेडिएटर बॉयलरच्या ७०–७५° से. पाण्यासाठी निवडलेले असतात. त्यांचे सरासरी पाणी खोलीपेक्षा ५०° ने गरम धरून कंपनी क्षमता सांगते. पाणी ४५° ने जाऊन ४०° ने परतले, तर हा फरक २२.५° वर येतो आणि तोच रेडिएटर छापील क्षमतेच्या ३५ टक्केच उष्णता देतो. त्यामुळे खोलीगणिक हिशेब करून कमी पडणारे रेडिएटर बदलावे लागतात, सगळे नाही. जमिनीखालच्या नळ्यांनी तापणारी फरशी सर्वांत सोयीची, तिला ३०–३५° पुरते.

नळांकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते. ७ किलोवॉट उष्णता २०° च्या फरकाने वाहून न्यायला मिनिटाला ५ लिटर पाणी पुरते, हीट पंपाच्या ५° च्या फरकाला २० लिटर लागते. १५ मिमीच्या तांब्याच्या नळातून इतके पाणी सेकंदाला दोन मीटरहून जास्त वेगाने धावते. नळ आवाज करतो, पाणी फिरवणारा पंप दमतो आणि यंत्र ‘प्रवाह कमी’ म्हणून बंद पडते. मुख्य नळ २८ मिमीचा असावा.

क्षमता ठरवणे : समजा, एक घर आतबाहेरच्या दर अंश फरकामागे २०० वॉट गमावते. आत २०° आणि बाहेर −१५° असताना त्याला ७ किलोवॉट लागतील, ७° ला फक्त २.६. ‘८ किलोवॉट’ ही पाटीवरची क्षमता बहुधा बाहेर ७° धरून लिहिलेली असते. −१५° ला तेच यंत्र अनेकदा पाचच्या आसपासच देते. थंडी वाढली की गरज वाढते आणि यंत्राची ताकद नेमकी तेव्हाच घटते. अतिथंडीसाठीच्या यंत्रांत इन्व्हर्टर (वेग कमीजास्त करू शकणाऱ्या) कॉम्प्रेसरच्या मधल्या टप्प्यात वाफ सोडून ही घट कमी केलेली असते. अशी यंत्रे −२५° पर्यंत चालतात. निवड करताना −१५° चा आकडा कंपनीच्या तक्त्यातूनच घ्यावा.

उरलेले दोन किलोवॉट विजेच्या पूरक हीटरने भागवणे वावगे नाही, अशी थंडी वर्षात मोजकेच दिवस पडत असेल तर. धास्तीपोटी दुप्पट मोठे यंत्र घेणे जास्त महागात पडते. ते सौम्य दिवसांत स्वतःला पुरेसे मंदावू शकत नाही, दर काही मिनिटांनी चालू-बंद होत राहते आणि कॉम्प्रेसर झिजतो.

बर्फ : सर्वांत त्रासाचे हवामान −२०° चे नव्हे, +२° ते −५° चे, आणि तेही धुक्याचे. तेव्हा हवेत ओलावा भरपूर असतो आणि कॉइल शून्याखाली असते. तिच्या पत्र्यांवर आधी पांढरी साय धरते, मग फटी बुजतात आणि पंख्याचा आवाज जड होतो. यंत्र चक्र उलटे फिरवून घरातली उष्णता काही मिनिटे कॉइलला देते. वाफेचा लोट उठतो, तो धूर समजून घाबरण्याचे कारण नाही. अशा एका वितळणीत लिटर-दोन लिटर पाणी सहज पडते. त्याला वाट नसेल तर ते तळाच्या पत्र्यावर गोठत जाते आणि एके सकाळी पंख्याचे पाते बर्फावर आपटते. म्हणून युनिट साठणाऱ्या बर्फाच्या वर, जमिनीपासून किमान ३०–५० सेमी उंच स्टँडवर हवे, खाली खडीचा शोषखड्डा आणि निचऱ्याच्या नळीला तापतार (विजेने तापणारी तार). छपरावरून घसरणारा बर्फ वर पडेल अशी जागा टाळावी. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने त्याचे युनिट तळघराची खिडकी किंवा गटाराचे तोंड यांपासून दूर ठेवतात.

जोडणीनंतरच्या चुका : नियंत्रकात ‘बाहेर किती तेव्हा पाणी किती’ असा वक्र भरलेला असतो. बसवणारा तो तक्रार नको म्हणून चढा ठेवून जातो. दर दोन-तीन दिवसांनी तो थोडा उतरवत न्यावा आणि खोली थंड पडू लागली की एक पायरी परत यावे. रात्री तापमान खूप पाडू नये, पहाटे ते भरून काढताना पूरक हीटर चालतो. बिल अवाच्या सवा आले तर पहिला संशय याच हीटरवर घ्यावा. त्याला वेगळा मीटर असणे उत्तम.

खर्च : वर्षभराचा सरासरी सीओपी ३ आणि गॅस बॉयलरची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर विजेचे युनिट गॅसच्या युनिटाच्या ३.३ पटींहून स्वस्त असेल तिथेच चालवण्याचा खर्च कमी येतो. जमिनीत शंभर-दोनशे मीटर बोअर घेऊन उष्णता काढणारे पंप कडाक्यातही स्थिर चालतात, पण बोअरचा खर्च मोठा. बोअर आखूड पडला तर भोवतालची जमीन दर हिवाळ्यात आणखी थंड होत जाते.

वीज गेल्यास : घरतापनाचे पाणीच बाहेरच्या युनिटपर्यंत जात असेल तर वीज गेल्यावर ते थांबते आणि तिथला उष्णता-विनिमयक (गॅसची उष्णता पाण्याला देणारा भाग) गोठून फुटतो. उपाय दोन : पाण्यात ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारे द्रव) मिसळणे, किंवा पाणी सुमारे ३° ला आल्यावर आपोआप उघडून ते बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह. दोन्ही एकत्र वापरत नाहीत, नाहीतर महागडे ग्लायकॉल अंगणात सांडते. या व्हॉल्व्हवर इन्सुलेशन गुंडाळू नये, त्याला थंडी कळलीच पाहिजे. तो एकदा उघडला की वीज आल्यावर पाणी भरून, हवा काढून दाब पुन्हा १ ते १.५ बारवर आणावा लागतो.