मिठाच्या खड्यातून वीज का जात नाही? एका प्रश्नाची पार्श्वभूमी

१८०७ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही कॉस्टिक पोटॅशमधून (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधून) वीज सोडून पाहत होता. पोटॅश पाण्यात विरघळवलं की पाण्याचंच विघटन होऊन वायू सुटत. अगदी कोरडं घेतलं तर वीज पुढे सरकेना. मग त्याने तुकडा थोडा वेळ हवेत उघडा ठेवला. वरवर ओल धरलेल्या त्या तुकड्याला बॅटरी जोडताच तो वितळू लागला आणि ऋण टोकापाशी पाऱ्यासारखे चकचकीत थेंब दिसले. त्यातले काही लगेच पेटले. माणसाने प्रथमच सुटं केलेलं ते पोटॅशियम होतं.

१८३३ मध्ये मायकेल फॅरडेने नेमकं बोट ठेवलं. बर्फाचा पातळ थरसुद्धा प्रवाह अडवतो, पाणी अडवत नाही. लेड क्लोराइडचंही तेच: घन असताना वीज बंद, वितळताच सुरू. मात्र क्षाराचे, म्हणजे मिठासारख्या पदार्थाचे, कण विजेमुळेच फुटतात, असं तो धरून चालला.

ही समजूत स्वांते अर्‍हेनियसने मोडली. क्षार नुसता पाण्यात विरघळला तरी त्याचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, सुटे होतात, बॅटरीची गरज नाही, असं त्याने १८८७ मध्ये स्पष्ट मांडलं. त्याआधी १८८४ च्या त्याच्या प्रबंधाला उप्साला विद्यापीठाने खालची श्रेणी दिली होती. विरोधकांचा सवाल रास्तच होता: सोडियम पाण्यात पडताच भडकतो, क्लोरीन विषारी, मग मिठाच्या पाण्यात हे दोघे गुपचूप कसे राहतात? उत्तर असं की, भार असलेला आयन आणि भार नसलेला अणू यांचे गुणधर्म वेगळे असतात. १९०३ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

तरी अर्धी गोष्ट उरलीच होती. १९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांच्या क्ष-किरणांच्या कामातून दिसलं की मिठाच्या स्फटिकात सोडियम-क्लोरीनच्या जोड्या नसतातच; प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन असतात. म्हणजे खड्यातही आयन आधीपासून हजर, फक्त जागेला जखडलेले! पाणी किंवा ८०१ अंश सेल्सिअसची उष्णता त्यांना मोकळं करते.

मग मीठ विरघळल्यावर त्याचे सगळेच आयन सुटे व्हायला हवेत. १९१८ मध्ये कलकत्त्याच्या ज्ञानचंद्र घोष यांनी हेच गृहीत धरून सिद्धान्त मांडला. त्यांचं गणित टिकलं नाही, ते १९२३ मध्ये डेबाय आणि ह्युकेल यांनी बसवलं. पण घोष यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत यायलाच हवं.

आणि ‘घन म्हणजे वीज बंद’ हा नियमही पक्का नाही. सिल्व्हर आयोडाइड सुमारे १४७ अंशांच्या वर घन राहूनही चांगली वीज वाहून नेतं, कारण त्यातले चांदीचे आयन स्फटिकाच्या आतच जागा बदलत फिरतात.