मागच्या चाकाचं दुखणं

चढावर उभं राहून पायडल दाबलं आणि मागून 'कट्ट' असा आवाज आला. सायकल चालत राहिली, पण मागचं चाक एका बाजूला कलून ब्रेकच्या रबराला घासायला लागलं. घरी येऊन चाक काढलं तर एक्सलचे (चाकाच्या मधल्या दांड्याचे) दोन तुकडे हातात आले.

तुटलेलं तोंड उजेडात धरून पाहिलं. अर्ध्याहून जास्त भाग काळपट आणि गुळगुळीत होता, फटीत ग्रीस शिरलेलं होतं. उरलेला एक कोपरा मात्र ताजा, खरखरीत आणि चकचकीत. म्हणजे एक्सल त्या दिवशी तुटला नव्हता. आट्यांच्या एका खाचेत बारीकशी चीर पडून तो कितीतरी दिवस थोडा थोडा तुटत आला होता. त्या दिवशी फक्त उरलेलं काम उरकलं. धातूचा थकवा म्हणतात तो हाच.

सायकल साधीच होती, रोज कामावर जायची, सात गिअरची. चाक बदलायचंच आहे तर आठ-नऊ गिअर करून टाकू, हा विचार माझ्याही मनात आधी आला. पण तुटलेला एक्सल समोर असताना गिअर मोजण्यापेक्षा तो तुटला कुठे, हे पाहणं जास्त शहाणपणाचं होतं. तो तुटला होता उजव्या कोनला (बेअरिंगचे छर्रे जागेवर धरणाऱ्या निमुळत्या नटाला) लागून, आतल्या बाजूला.

स्वस्त गिअरच्या सायकलींत सहसा फ्रीव्हील असतं. दातेरी चकत्या आणि पायडल थांबवल्यावर कटकट करणारे ते छोटे खटके (मेकॅनिक त्यांना 'कुत्रे' म्हणतात) हे सगळं एकाच गड्ड्यात असतं, आणि तो गड्डा हबवर, म्हणजे स्पोक जिथून निघतात त्या चाकाच्या मधल्या भागावर, आट्यांनी पिळून बसवलेला असतो. हबचे छर्रे मात्र हबच्या आतच राहतात. परिणामी उजवीकडचं बेअरिंग आणि फ्रेमची खाच यांच्यामध्ये फ्रीव्हीलच्या रुंदीएवढा, म्हणजे जवळपास चार सेंटीमीटर एक्सल बिनआधाराचा उरतो. पाच चकत्या होत्या तेव्हा हे अंतर कमी होतं. चकत्या वाढत गेल्या तसं बेअरिंग आत ढकललं गेलं. एक्सलची जाडी तेवढीच, दहा मिलिमीटरच्या आसपास. पट्टी टेबलाच्या कडेबाहेर एक सेंटीमीटर काढून दाबा आणि मग चार सेंटीमीटर काढून दाबा. तेवढ्याच जोराला कडेशी चौपट वाकवणारा परिणाम होतो.

वर चेनची ओढ. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, १७० मिलिमीटरची असते आणि ४२ दात्यांच्या पुढच्या चकतीची त्रिज्या भरते ८५ मिलिमीटर, बरोबर निम्मी. त्यामुळे पायडलवर ६० किलोचा भार टाकला की चेनमध्ये १२० किलोचा ताण येतो. चढासाठी पुढे २८ दात्यांची चकती लावली तर १८० किलोचा. ही सगळी ओढ चकत्यांवर येते, आणि फ्रीव्हीलच्या हबमध्ये चकत्या असतात उजव्या बेअरिंगच्याही बाहेर. बिचाऱ्या एक्सलनं वाकायचं नाही तर काय करायचं?

यावरचा तोडगा जुनाच आहे. शिमानो या जपानी कंपनीनं १९७८ मध्ये फ्रीहब बाजारात आणला. त्यात कुत्र्यांचं घर हबचाच भाग झालं आणि उजवं बेअरिंग त्या घराच्या बाहेरच्या टोकाला गेलं. एक्सलचा उघडा भाग सेंटीमीटरभरच राहिला आणि चकत्या दोन बेअरिंगच्या मध्ये आल्या. चकत्या वेगळ्या होऊन खोबणींवर सरकवून बसवायच्या झाल्या. त्या जुडग्याला कॅसेट म्हणतात. माझ्या मते साध्या सायकलच्या मागच्या चाकात करण्यासारखी मोठी सुधारणा ही एवढीच. बाकी सगळं तिच्या मागून येतं.

दुसरं दुखणं स्पोकचं. सायकलचा भार मागच्या चाकावर जास्त असतो, साधारण ६० टक्के. चाकातले सगळे स्पोक ताणून बसवलेले असतात. चाक फिरताना जो स्पोक खाली जमिनीजवळ येतो त्याचा ताण क्षणभर कमी होतो, वर गेला की पूर्ववत होतो. ७०० × ३५ च्या टायरचा घेर सुमारे २.१७ मीटर असतो. वर्षाला ५,००० किलोमीटर चालवली तर प्रत्येक स्पोकवर हा प्रकार वर्षाला २३ लाख वेळा घडतो. म्हणून स्पोक तुटतो तो खड्ड्यात आपटून क्वचितच. बहुधा हबपाशी जिथे तो वाकलेला असतो तिथे, आणि अगदी सरळ रस्त्यावर.

मागच्या चाकात आणखी एक अडचण असते. चकत्यांना जागा द्यायची म्हणून उजवीकडचे स्पोक जास्त उभे बसतात, आणि रिम मध्यावर राहावी म्हणून त्यांना डावीकडच्यांपेक्षा बराच जास्त ताण द्यावा लागतो. डावीकडचे मग सैल राहतात. सैल स्पोक खाली येताना पार ढिला पडतो, त्याचं निपल (रिममध्ये स्पोक आवळणारा छोटा नट) फिरू लागतं आणि चाक पुन्हा पुन्हा आउट, म्हणजे वाकडं, होतं. नवीन चाक आणलं की एका बाजूचे स्पोक नखानं छेडून ऐकावेत, तंबोऱ्याच्या तारा छेडाव्यात तसे. एका बाजूचा सूर जवळपास एकच यायला हवा. एखादा 'भद्द' वाजला तर चाक दिसायला कितीही सरळ असो, आतून ते असमान आहे. मग शेजारचे दोन-दोन समांतर स्पोक मुठीत धरून जोरात आवळायचे. करकर आवाज करत ते आपापल्या जागी बसतात. त्यानंतर पुन्हा आउट काढायचा. या अर्ध्या तासाच्या कामानं चाकाचं आयुष्य वाढतं तेवढं महागड्या रिमनं वाढत नाही.

हलक्या चाकाचं कौतुकही जरा जास्तच होतं. वेग घेताना रिमवरचं वजन फार तर दुप्पट जाणवतं. रिममध्ये ३०० ग्रॅम वाचले तर ते ६०० ग्रॅमसारखे. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलोंत ते एक टक्काही होत नाहीत. स्टीलची रिम काढून अॅल्युमिनियमची घेण्याचं खरं कारण पाऊस आहे. ओल्या स्टीलवर ब्रेकचे रबर नुसते सरकतात.

आता गिअर. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत १९३७ पर्यंत डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारं यंत्र) वापरायला परवानगी नव्हती, तरी माणसं डोंगर चढत होतीच. तेव्हा आकड्याचा मोह थोडा बाजूला ठेवून हिशोब करू. पुढे ४२ दाते आणि मागे सगळ्यांत मोठी चकती २८ ची असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ३.२५ मीटर जाते. मागे ३४ लावली तर २.६८ मीटर. पाच टक्के चढावर मिनिटाला ६० फेरे मारायचे तर गुरुत्वाकर्षणाशी झगडायलाच पहिल्यात सुमारे १३५ वॉट लागतात, दुसऱ्यात ११२. ज्याला सराव नाही त्याला तासभर शंभर वॉट टिकवणंही जड जातं, त्यामुळे हा फरक गुडघ्यांना लगेच कळतो.

दुसऱ्या टोकाला ११ दात्यांची चकती. तिच्यावर मिनिटाला ८० फेरे मारले तर वेग ताशी ४० किलोमीटर होतो. हवेला भेदायला लागणारी शक्ती वेगाच्या घनानं वाढते. २५ च्या वेगापेक्षा ४० ला ती चौपट लागते. कामावर जाताना हे कोण करणार? वर ११ दात्यांवर चेनची प्रत्येक कडी ३३ अंशांत वाकते, १४ दात्यांवर २६ अंशांत. छोटी चकती झिजतेही लवकर.

म्हणून मी सातच गिअर ठेवले. आठ-नऊ-दहा गिअरसाठी बनवलेल्या फ्रीहबवर सात गिअरची कॅसेट बसते, तिच्यामागे साडेचार मिलिमीटरची कडी टाकली की झालं. त्यामुळे जुना शिफ्टर, म्हणजे हँडलवरचा गिअर बदलायचा खटका, चालतो. आठवर गेलो असतो तर चकत्यांमधलं अंतर ५ वरून ४.८ मिलिमीटर होतं. दर टप्प्याला फरक साठत जातो आणि गिअर मध्येच अडखळतात, म्हणजे शिफ्टरही नवा घ्यावा लागतो. डिरेलर ३४ दात्यांपर्यंत पोचतो का आणि फ्रेमच्या खाचांमधलं अंतर हबशी जुळतं का (हल्ली बहुधा १३५ मिलिमीटर), हे आधी पट्टी लावून पाहायचं. चेन नवीच घ्यायची. जुन्या चेनच्या २४ कड्या ३०५ मिलिमीटर भरायला हव्यात. ३०८ भरल्या तर ती नव्या चकत्यांवरून घसरणार.

जुनं चाक मोडून फ्रीव्हील जपून ठेवायचं असेल तर एक क्रम पाळावा लागतो. दर वेळी पायडल मारताना फ्रीव्हील हबवर आणखी घट्ट पिळलं जातं, वर्षानुवर्षं. ते काढायचं तर त्याच्या खोबणीत बसणारा पाना शिकंज्यात धरून अख्खं चाक स्टिअरिंगसारखं फिरवावं लागतं. एवढी लांब तरफ दुसरी मिळत नाही. मी घाईघाईत आधी स्पोक कापले. हातात उरला तो मुठीएवढा गोल हब, धरायला काही नाही. तो अजून फ्रीव्हीलसकट हत्यारांच्या डब्यात पडून आहे.