नाडी लागते, तरी हात मरतो

पेरूच्या झाडावरून पोर पडतं, कोपराच्या वर हाड मोडतं, प्लास्टर होतं, संध्याकाळी घरी येतं. रात्री ते कळवळून रडायला लागतं. घरचे म्हणतात, "हाड मोडलंय, दुखणारच." जरा जाणता कोणी मनगट चाचपतो आणि सांगतो, "नाडी लागतेय, काळजी नको." दोन्ही वाक्यं समजूतदार वाटतात. पण त्यांच्या भरवशावर सकाळपर्यंत थांबल्यामुळे हात गेले आहेत.

या आजाराचं नाव कंपार्टमेंट सिंड्रोम. कंपार्टमेंट म्हणजे कप्पा, सिंड्रोम म्हणजे एकत्र दिसणाऱ्या लक्षणांचा समूह. सर्जरीच्या वॉर्डात असे कितीतरी भेटतात, पण मला हाच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एक्स-रेत तो दिसत नाही आणि ओळखायला हातात जेमतेम काही तास असतात.

मटण साफ करताना मांसावरचा पांढरा, चिवट पापुद्रा तुम्ही पाहिला असेल. आपल्याही हातापायांचे स्नायू अशाच पापुद्र्याच्या कप्प्यांत बसवलेले असतात. गुडघ्याखालच्या पायात असे चार कप्पे आहेत. हा पापुद्रा जवळजवळ ताणलाच जात नाही. हाड मोडलं की आत रक्त साचतं, स्नायू सुजतो, पण पसरायला जागा नसते. मग दाब चढतो. एरवी कप्प्यातला दाब पाऱ्याच्या १० मिलिमीटरच्या आतच असतो.

आता खरी गंमत रक्तप्रवाहाची आहे. मोठ्या धमनीत १२० चा दाब आणि जाड भिंत, तिला बाहेरचा ४० चा दाब काहीच करू शकत नाही. पण स्नायूला प्राणवायू धमनी देत नाही, तिच्या टोकाच्या केसासारख्या बारीक नळ्या, म्हणजे केशवाहिन्या देतात. तिथे पोचेपर्यंत दाब साधारण ३० वर उतरलेला असतो, आणि पुढे रक्त परत नेणाऱ्या बारीक शिरांत त्याहून कमी. म्हणून आधी शिरा दबतात. रक्त आत येतं, बाहेर पडेना. मागे तुंबून शिरेतला दाब कप्प्याच्या दाबापेक्षा जास्त झाला, तरच ती उघडते. पण प्रवाह चालतो तो दोन टोकांच्या दाबातल्या फरकावर. बाहेरच्या टोकाचा दाब वाढला, फरक घटला, प्रवाह मंदावला. त्यात तुंबलेल्या केशवाहिन्यांतून पाणी झिरपतं, उपाशी पेशीही सुजतात, दाब आणखी चढतो. चक्र स्वतःच स्वतःला फिरवत राहतं.

आणि या सगळ्यात धमनी मनगटाशी ठणठणीत उडत असते! कालव्याला पाणी आहे, पण शेतातल्या चाऱ्या बुजल्यात. कालव्याकडे बघून पीक तगेल की नाही ते कसं सांगणार?

डॉक्टर म्हणूनच रक्तदाबाच्या खालच्या आकड्यातून कप्प्यातला दाब वजा करतात. उत्तर ३० किंवा त्याहून कमी आलं की धोका. खालचा आकडा ८० असेल तर आतला ५० धोक्याचा. रक्तस्रावाने तोच ५० वर आला असेल, तर आतला २० सुद्धा पुरे. उपाशी स्नायू साधारण सहा तास तग धरतो, पुढचं नुकसान बहुधा भरून येत नाही.

पण सुई टोचून दाब मोजण्याआधी संशय यावा लागतो, आणि तो येतो वेदनेवरून. दुखापतीच्या मानाने फार जास्त, औषध देऊनही वाढत जाणारी वेदना. बोट हळूच सरळ केलं तरी किंकाळी. मुंग्या, बधिरपणा. लहान मूल नीट सांगू शकत नाही, ते बेचैन होतं, सारखं वेदनाशामक मागतं. बोटं पांढरी पडणं, हालचाल थांबणं, नाडी जाणं ही फार उशिराची चिन्हं आहेत.

जर्मनीतल्या हाले इथले सर्जन रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये घट्ट पट्ट्यांनंतर वाकडे, आखडलेले हात वर्णन करून ठेवले. तरीही आपल्याकडे हाडवैद्याकडे नेऊन बांबूच्या कामट्या करकचून बांधतात, वर तेलाने चोळतात. घट्ट बांधलं म्हणजे हाड लवकर जुळतं, ही समजूत साफ खोटी आहे. हाड आपल्या गतीनेच जुळतं. आवळल्याने मरतो तो स्नायू. हेही सांगायला हवं, की दवाखान्यातलं घट्ट प्लास्टर तेवढंच घातक ठरू शकतं.

अशी वेदना दिसली की रात्रीच दवाखाना गाठायचा. तिथे प्लास्टर आणि आतल्या पट्ट्या कातडीपर्यंत कापतात, हात हृदयाच्या पातळीवर ठेवतात, कारण उंच टांगला तर येणारं रक्तही घटतं. तरी दाब उतरला नाही तर कातडी आणि तो पापुद्रा लांबलचक चिरून कप्पा मोकळा करतात. जखम दोनतीन दिवस मुद्दाम उघडी ठेवतात, नंतर शिवतात किंवा कातडीचं कलम लावतात. नातेवाईक ती बघून हादरतात. सर्जन मात्र आत चिमट्याने एकेक स्नायू दाबून बघत असतो: आकसला तर जिवंत आहे.